हात लावू नका

पेरण्या तोंडावर आल्या की लोहाराच्या घरात कुणी बसून जेवत नाही. उभ्या उभ्या चार घास पोटात ढकलायचे आणि परत भट्टीपाशी. त्या वर्षीही दारात कुदळी, फाळ, विळ्यांचा ढीग लागला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं एकच, माझं तेवढं आधी. सासरे ऐरणीपाशी उकिडवे बसत. डाव्या हातात सांडशी, उजव्यात हातोडी. लाल झालेलं लोखंड ऐरणीवर आलं की ते हातोडीनं हलकी टिचकी देत, आणि टिचकी पडेल तिथं समोर उभा असलेला त्यांचा मुलगा घण घाली. बापलेकांत तासन्‌तास शब्द होत नसे. सून भात्याची साखळी ओढी. अडीच वर्षांची लेक तिच्या पदराला लोंबकळे, कंटाळली की तिथंच पोत्यावर झोपून जाई. घणाच्या आवाजात झोपायची तिला इतकी सवय की आवाज थांबला की जागी व्हायची.

कितीही ढीग असला तरी संध्याकाळी सातला भट्टी विझायची. कारण मालिका. रोज एक खून, रोज एक तपास. आळीत मोठा टीव्ही यांच्याकडेच, त्यामुळे शेजारच्या चारपाच बायका हात पुसत पुसत येऊन बसायच्या. सून मालिका नुसती बघायची नाही, सोडवायची. जाहिराती लागायच्या आत सांगून मोकळी व्हायची, "दीर आहे. बघा, गळ्याचा घाम पुसतोय." आणि खरंच दीर निघायचा.

सासऱ्यांनी तिचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं होतं.

"काय इन्स्पेक्टर, आज कुणाला आत टाकणार?"

"आबा, तुम्ही बोलूच नका. तुम्ही दरवेळी नोकराला धरता."

"खऱ्यात नोकरालाच धरतात गं. दिराला फक्त मालिकेत धरतात."

बायका हसायच्या. तिला बरं वाटायचं. दिवसभर काजळीत उभं राहणाऱ्या बाईला हुशार म्हणावं असं बाकी दिवसात काही घडत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात भांडण होतं ते गिरणीवाल्याशी. लोहाराचं छप्पर आणि पिठाची गिरणी यांच्यामधे चार हात रुंदीचा बोळ. गाडीच्या चाकाला तापवून लोखंडी धाव चढवायची तर तेवढी मोकळी जागा लागतेच. गिरणीवाला म्हणायचा, तुमचा धूर माझ्या पिठात उतरतो, गिऱ्हाइकं पीठ काळं म्हणून नाक मुरडतात, मी भिंत घालणार. सासरे म्हणायचे, घाल की, तुझ्या बाजूला घाल. तुझी बाजू म्हणजे नेमकी कुठली, याचा कागद दोघांकडेही नव्हता. आठवड्याभरात गिरणीवाल्यानं विटा आणून टाकल्या आणि गुडघ्याएवढी भिंत उठली. सासरे रोज सकाळी दात घासताना त्या भिंतीकडे बघत आणि चूळ नेमकी तिच्यावर टाकत.

तो दिवस मंगळवारचा. नवरा धार लावलेले विळे पोचवायला बाजारच्या गावी गेला होता. ऊन मी म्हणत होतं. ती सासऱ्यांना जेवायला हाक मारायला भट्टीपाशी आली तर निखारे धुमसत होते आणि ऐरणीपाशी कुणी नव्हतं. तिनं बोळात डोकावलं.

सासरे उताणे पडले होते. गिरणीचा एक फुटका जुना दगड तिथं कधीपासून पडून होता, त्याच्या कडेला त्यांचं डोकं. खाली मातीत रक्त जिरून काळं झालं होतं. डोळे अर्धे उघडे. ओठावर माशी बसली होती आणि ओठ हलत नव्हता. एक चप्पल दोन हात लांब उलटी पडलेली. भिंतीच्या वरच्या थरातल्या दोन विटा ढासळलेल्या. गिरणीचं दार उघडं, पट्टा फिरत होता आणि आत माणूस नव्हतं.

ती एकदाच किंचाळली. नंतर तिला काय झालं ते तिचं तिलाही पुढे कितीतरी दिवस उमगलं नाही. रडू आलं नाही. हातपाय गळाले नाहीत. उलट डोकं एकदम लख्ख झालं. सात वाजता व्हायचं तसं.

माणसं धावली. दळणाच्या डब्यांसकट बायका आल्या. कोंबडीवाल्यानं बोळाच्या तोंडाशीच टेम्पो थांबवला आणि उडी मारून पुढे आला. "अरे बघताय काय, उचला म्हाताऱ्याला. पिंजरे उतरवतो मी."

"हात लावू नका."

तिचाच आवाज, पण तिला तो ओळखू येईना. कोंबडीवाला होता तिथं थबकला.

"कुणी पुढे येऊ नका. पायांचे ठसे जातील. सगळं संपलंय. आता पोलीस येईपर्यंत इथलं काही हलवायचं नाही. फोन लावा कुणीतरी."

घरची सून सांगतेय म्हटल्यावर कोण काय बोलणार. आणि मालिका काय ती एकटीच बघत होती असं नाही. दोघातिघांनी माना हलवल्या. "बरोबर आहे तिचं. पोलीस केस आहे." फोन लागला. पोलीस म्हणाले, निघतो.

तिनं भट्टीतली थंड राख घमेल्यात भरून आणली आणि सासऱ्यांच्या भोवती, विटांच्या भोवती, त्या लांबच्या चपलेच्याही पलीकडून एक गोल रेघ ओढली. चप्पल पुरावा म्हणून टोपलीखाली झाकली. माणसं राखेच्या बाहेर उभी राहिली. अगदी शिस्तीत.

सुईण आजी मागून आली. ऐंशीच्या घरातली, वाकलेली. सगळ्यांना कोपरानं बाजूला करत सरळ राख ओलांडून आत गेली, खाली बसली, आणि म्हाताऱ्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

"अंग ऊन आहे गं."

"उन्हात पडलेत आजी. ऊन असणारच."

"अगं, तसलं ऊन नव्हे हे..."

"आजी, बाहेर या. तुमच्या हातानं गुन्हेगार सुटेल."

तिनं आजीला दंडाला धरून उठवलं आणि रेघेबाहेर आणून उभं केलं. दंड काडीसारखा होता. आजी काही बोलत राहिली. कुणीतरी म्हणालं, "आजी, पोलिसांचं काम आहे हे, बाळंतपण नव्हे." दोघं हसली, मग जागा लक्षात येऊन गप्प झाली.

दीड तास गेला. एकानं सावलीला छत्री आणली, ती तिनं धरू दिली नाही, आत पाऊल पडेल म्हणून. लेक कडेवर होती. तिनं विचारलं, "आबा निजले?"

"हो."

"ऊन लागतंय त्यांना."

"गप हं, सोन्या."

पोलिसांची जीप आली तेव्हा तिनं पदर नीट केला. फौजदार पोट सावरत उतरले. त्यांनी गर्दीकडे बघितलं, राखेकडे बघितलं.

"ही राख कुणी टाकली?"

"मी, साहेब. हद्द दाखवायला."

तिला वाटलं, आता ते मान हलवतील.

"आणि नाक कुणी बघितलं?"

फौजदार राख तुडवत आत गेले, गुडघ्यावर बसले, कान छातीला लावला. असा किती वेळ लावला कुणास ठाऊक. मग तोंड वर करून इतक्या जोरात ओरडले की टेम्पोतल्या कोंबड्या फडफडल्या. "गाडी आणा. जिवंत आहे माणूस."

एवढा वेळ शिस्तीत उभी असलेली गर्दी एकदम तुटून पडली. धक्काबुक्कीत टोपली उडाली. खालची चप्पल सासऱ्यांचीच होती.

इस्पितळात त्यांच्या डोक्याला भोक पाडून साकळलेलं रक्त काढलं. नवरा बाजारातून परस्पर तिकडे आला, अंगावर विळ्यांच्या पोत्याची धूळ तशीच. कागदांवर सह्या करायला त्याला खिडकीपाशी बोलावलं होतं, तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले आणि पुढ्यात होती ती, म्हणून तिलाच बोलले.

"जीव वाचला. उजवी बाजू आणि बोलणं मात्र गेलंय. फारसं परत येईल असं वाटत नाही. तासाभरानं जरी आधी आणलं असतं ना, तर बराच फरक पडला असता. गाडी मिळाली नाही का?"

ती काही बोलली नाही. डॉक्टरांना वाटलं, मिळाली नसेल.

नवरा आला. "काय म्हणाले?"

"जीव वाचला म्हणाले."

गिरणीवाला त्याच संध्याकाळी बहिणीच्या घरी सापडला. त्यानं लपवलं काहीच नाही. बाचाबाची झाली, त्यांनी वीट उचलली, मी ढकललं, ते दगडावर पडले, मला वाटलं मेले, मी पळालो. त्यालाही मेलेच वाटले होते. पंचनाम्यात लिहिलं, घटनास्थळी राख आढळून आली. कुणी टाकली ते लिहिलं नाही.

आणि गावात आठवडाभरातच ते वाक्य तयार झालं, गाडी मिळाली नाही. पहिल्यांदा कोण म्हणालं ते सांगता येणार नाही. कोंबडीवालाच म्हणाला असेल, त्याचा टेम्पो तर तोंडाशीच उभा होता. राखेच्या बाहेर जेवढे उभे होते त्या सगळ्यांना ते वाक्य सोयीचं होतं, त्यामुळे ते भराभर पसरलं आणि तिच्या नवऱ्यापर्यंत आलं तेव्हा पक्कं झालेलं होतं. एकटी सुईण आजी म्हणत राहिली, गाडी होती, अंग ऊन होतं. लोक म्हणाले, आजींचं आता काही खरं नाही. मग म्हणाले, गिरणीवाल्यानं काहीतरी दिलं असेल.

घरात कामाची सगळी मांडणी बदलली. सासऱ्यांच्या जागी नवरा बसला, सांडशी आणि हातोडी घेऊन. समोर घण घालायला माणूस हवं होतं. तीच उभी राहिली. पहिल्या दिवशी चारशे घाव झाले असतील, संध्याकाळी तिला वेणी घालायला हात वर नेता येईना. तळहातांना फोड आले, फुटले, त्यावर परत फोड आले. नवरा टिचकी द्यायचा, तिचा घाव बोटभर चुकायचा. एकाचा विळा टोकाशी चपटा झाला. तो उलटापालटा करून बघत म्हणाला, "वहिनी, यानं गवत कापायचं की पोळी उलटायची?" चार माणसं हसली. ती घणाला टेकून उभी राहिली, दम खात. दुसऱ्या महिन्यात घाव बसायला लागले. हसायचं थांबलं. लेक पोत्यावर झोपायची ते आता आईच्या घणाच्या आवाजात.

सासऱ्यांचं सगळं तिच्याकडेच. सकाळी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चादर ओढायची. उजवा हात नुसता पडून असायचा, हातोडीचे घट्टे अजून तसेच. त्या हाताची नखं कापताना तिला धड बघवत नसे. भात पातळ करून चमच्यानं भरवायचा. अर्धा ओठाच्या कडेनं खाली यायचा, तो बोटानं वर सारायचा. ते तिच्याकडे बघत राहायचे. डोळे शाबूत होते. कान शाबूत होते. बोलायला गेले की घशातून एकच आवाज निघायचा, दार घासल्यासारखा.

एक प्रश्न तिच्या छातीवर सारखा बसून असे. त्या दीड तासात ते ऐकत होते का?

टीव्हीवर तिनं चादर टाकली. बायका दुसऱ्या घरी जाऊन बसू लागल्या.

पिकं काढून झाली तेव्हा कोर्टाचं बोलावणं आलं. सरकारी वकिलांनी दोघांना आदल्या दिवशी खोलीत बसवून घेतलं. फायलींच्या चळतीमागे ते अर्धेच दिसत होते.

"हे बघा ताई. ढकललं हे तो कबूल करतो. त्यांचा डाव वेगळाय. ते म्हणणार, धक्का साधा होता, माणूस अपंग झाला तो उशिरामुळे. म्हणून उशीर का झाला हा प्रश्न तुम्हाला येणार. तुम्ही काय सांगणार?"

"गाडी नव्हती," नवरा म्हणाला.

"बस. तेवढंच. आणि ती सुईण त्यांच्या बाजूनं येणारे. तिचं वय झालंय, तिला भास होतात, हे सांगायचं. गावात सगळे म्हणतातच की." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आधीच हल्ली सगळे मालिका बघून येतात. जजसाहेबांनी मागच्या तारखेला मला विचारलं, विटेवरचे ठसे का नाही घेतले. आता खरबरीत विटेवर कसले ठसे घेणार? पण विचारतात. ठसे नाहीत, चित्रफीत नाही, मग उरतो काय, तर तुमचा शब्द. तो घट्ट ठेवा."

"ठेवेल ती," नवरा म्हणाला. "बाप आहे माझा. गिरणीवाल्याला दहा वर्षं तरी बसवायचाच."

त्या संध्याकाळी नळावर सुईण आजी भेटली. बाकीच्या बायका घागरी उचलून लवकर निघून गेल्या. आजीची कळशी भरत होती.

"उद्या तुझी साक्ष ना?"

"हो."

"माझी परवा." आजीनं नळाची धार बघितली. "मी त्याची बाजू घेत नाही हो. मेल्यानं म्हाताऱ्या माणसाला ढकललं. पण बोलावलंय तर हाताला लागलं ते सांगणार."

"लोक तुम्हाला वेडी म्हणतायत, आजी."

"म्हणू देत. तुझी पोर आली तेव्हा काय म्हणत होते? काळीनिळी आली होती. रडेना. फडक्यात गुंडाळा म्हणाले. तू तर शुद्धीवर नव्हतीस. मी म्हटलं, थांबा, अंग ऊन आहे." आजीनं कळशी बाजूला ओढली. "उचलू लाग जरा."

तिनं कळशी आजीच्या कमरेवर ठेवली.

कोर्टाची खोली तिला वाटली होती त्यापेक्षा लहान होती. पंखा कुरकुरत होता. न्यायाधीशांच्या टेबलावर औषधाची बाटली होती. गिरणीवाला पिंजऱ्यात वगैरे नव्हता, कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता, वाळलेला, शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. मागच्या बाकावर नवरा, मांडीवर लेक.

सरकारी वकिलांचे प्रश्न सरळ गेले. मग गिरणीवाल्याचा वकील उठला. तरुण होता, आवाज मऊ.

"ताई, तुमच्या घरी संध्याकाळी सातला बायका जमायच्या म्हणे."

"जमायच्या."

"कशाला?"

"मालिका बघायला. खुनाची."

"तुम्हाला एक टोपणनाव आहे, असंही ऐकलं."

मागे कुणीतरी खाकरलं. वकिलानं ते तिथंच सोडलं.

"बरं. सासरे दिसले तेव्हा ते मेलेत असं तुम्हाला वाटलं. नाडी बघितली?"

"नाही."

"तिथं गाडी होती का?"

सरकारी वकिलांनी कागदात मान घातली. तिनं मागच्या बाकाकडे बघितलं. लेक बापाच्या शर्टाचं बटण चावत होती. नवरा तिच्याकडे बघत होता, अगदी निर्धास्त, ऐरणीवर लोखंड धरून घावाची वाट बघावी तसा.

"होती," ती म्हणाली.

तरुण वकिलाच्या हातातला कागद तसाच राहिला. त्याला "नाही" हे उत्तर हवं होतं, आणि पुढचे दहा प्रश्न त्या "नाही"वर बेतलेले होते.

"कोंबडीवाल्याचा टेम्पो. बोळाच्या तोंडाशीच. तो उचला म्हणत होता. मी उचलू दिलं नाही. कुणालाच हात लावू दिला नाही. राख मी टाकली. आजी आत गेली होती, अंग ऊन आहे म्हणाली. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. तिला भास होत नाहीत. दीड तास. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर फरक पडला असता. ते मी कुणाला सांगितलं नाही."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं.

"बाई, हात लावायचा नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, साहेब. टीव्हीत असतं."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी क्षणभर समोरच्या, पुरावे ठेवायच्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं आणि टंकलेखकाला सावकाश सांगायला लागले. "साक्षीदार असे सांगते की, दूरचित्रवाणीवरील मालिका पाहून तिचा असा समज झाला होता की, जखमी इसमास स्पर्श केल्यास पुरावा नष्ट होतो..."

"जखमी नाही, साहेब," ती म्हणाली. "मला ते मेलेलेच वाटले. मेलेत हे मी आधीच ठरवलं होतं. तेही लिहा."

टंकलेखकाची बोटं थांबली. न्यायाधीशांनी मान हलवली, लिहा.

"आणि ढकललं यानंच," ती म्हणाली.

"ते आम्ही कुठे नाकारतोय," वकील हळूच म्हणाला, आणि खाली बसला.

बाहेर जिन्यात सरकारी वकिलांनी तिला गाठलं. ते चिडलेले नव्हते, नुसते थकलेले दिसत होते. "कलम खाली येणार आता. दोनेक वर्षांत बाहेर येईल तो. मी सांगितलं होतं तुम्हाला." मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "सॉरी," आणि पुढच्या खटल्याला गेले.

बसमधे नवरा पुढच्या बाकावर बसला, लेकीला घेऊन. ती मागे. अख्ख्या प्रवासात त्यानं मान वळवली नाही. उतरल्यावर लेक खांद्यावर टाकून तो झपझप पुढे चालला. काढलेल्या शेतांमधून रस्ता जात होता, नुसते खुंट उरलेले. आळी दिसायला लागली तेव्हा तो थांबला, पाठ तशीच ठेवून.

"डॉक्टरांचं मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही ऐरणीला माझ्यासमोर बसला नसता."

"नसतोच बसलो."

लेकीनं बापाच्या खांद्यावरून आईकडे हात लांबवला. त्यानं तिला खाली उतरवलं. ती धावत आली आणि आईच्या पायांना बिलगली.

"आठ महिने," तो म्हणाला. "रोज समोर उभी राहत होतीस." त्यानं तोंडावरून हात फिरवला, काजळीचा असल्यासारखा. "आता आबांना तू सांग. गावाकडून कळायच्या आत. मी सांगणार नाही."

तो घरात आला नाही. भट्टीपाशी जाऊन बसला. पेटवली नाही.

घरात सासऱ्यांपाशी शेजारीण बसली होती, ती उठून गेली. दिवस अजून होता, खिडकीतून ऊन खाटेच्या पायांपर्यंत येत होतं. तिनं हातपाय धुतले. सवयीनं भात गरम केला, पातळ केला, वाटीत घेतला. त्यांना उशीला टेकवून बसवलं, गळ्याशी फडकं खोचलं. लेक खाटेखाली जाऊन तिच्या भांड्यांशी खेळायला लागली.

"आबा," ती म्हणाली. "आज कोर्टात..."

ते बघत होते.

"त्या दिवशी तुम्ही पडला होता ना. मी आले तेव्हा..." तिला वाक्य सापडेना. कोर्टात सापडली होती ती सगळी वाक्यं आता कुठंतरी गेली होती. "माणसं तुम्हाला उचलायला आली होती. गाडी होती. मी..."

सासऱ्यांनी मान हलवली. वरखाली, एकदा. तिचं वाक्य अजून अर्धं होतं.

ती थांबली. त्यांनी परत हलवली, जरा चिडून, हो, हो, पुढे काय, अशी.

"तुम्हाला ऐकू येत होतं?"

मान खाली गेली, वर आली.

"सगळं?"

त्यांनी डोळे मिटून उघडले. घशातून तो घासल्यासारखा आवाज आला. डावा हात चादरीवरून उचलला, हवेत बोटानं एक गोल काढला, हळूहळू, पुरा, आणि हात परत चादरीवर पडला.

खाटेखाली भांडी वाजत होती. आठ महिने रोज दोन वेळा हे तोंड तिच्या चमच्यापाशी उघडलं होतं. पाठ तिनं धुतली होती, नखं तिनं कापली होती, आणि हे डोळे तिच्याकडे बघत होते.

"मग माझ्या हातचं कसं काय खाल्लंत, आबा?" ती म्हणाली. "तोंड का नाही फिरवलंत एकदाही?"

ते तिच्याकडे बघत राहिले. डावीकडचा ओठ हलला, काहीतरी जुळवायचा प्रयत्न करत होते, जुळलं नाही. मग त्यांनी तो नाद सोडला. नजर तिच्या हातातल्या वाटीकडे गेली, तिच्यावरून परत तिच्या तोंडाकडे, आणि त्यांनी आ केला.

तिनं चमचा भरला. निम्मा भात फडक्यावर सांडला. उरलेला त्यांनी ओठांनी ओढून घेतला, सावकाश चघळला, गिळला, आणि परत आ केला.